दाखला ऐकला, आता सोमवारी काय करायचं?

प्रभू येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथा, आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. नागपुरात सदर, मोहननगर, मार्टिननगर कुठेही कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेला, बसा. दाखला वाचला जातो, कोणीतरी दोन मिनिटांत तात्पर्य सांगतं, सगळे आमेन म्हणतात आणि चहा येतो. सोमवारी घरात त्या दाखल्याचं काहीच शिल्लक नसतं. याच्या अगदी उलटीही एक चूक होते. भारावून जाऊन "आजपासून सगळ्यांवर प्रेम करीन" असा भलामोठा निश्चय होतो, बुधवारी तो मोडतो आणि पुढचा आठवडा अपराधीपणात जातो. दोन्हीकडे विश्वास खरा असतो, पण क्रम चुकतो. मधल्या पायऱ्या गाळून आपण थेट तात्पर्यावर उडी मारतो. या लेखात त्या मधल्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत.

तयारी: सुरू करण्याआधी

एका वेळी एकच दाखला घ्या आणि त्याला पूर्ण महिना द्या. दर रविवारी नवा दाखला घेतला की आधीचा नुसता ऐकलेला राहतो, जगायला वेळच मिळत नाही.

एकट्याने करू नका. नवरा-बायको, दोन मैत्रिणी, सासू-सून, तरुण संघातले तिघे, कोणीही चालेल. पण आठवड्यातून एकदा समोर बसून "झालं का?" असं विचारणारं माणूस हवं. पाचसहापेक्षा जास्त लोक झाले की खरं बोलणं थांबतं आणि भाषण सुरू होतं.

एक साधी वही ठेवा. मोबाइलवर लिहिलं की दुसऱ्या दिवशी ते सापडत नाही, आणि फोन उघडला की आणखी दहा गोष्टी उघडतात.

पहिला दाखला कोणता घ्यायचा? पेरणाऱ्याचा. तो मत्तय १३, मार्क ४ आणि लूक ८ अशा तिन्ही शुभवर्तमानांत आहे, आणि त्याचा अर्थ प्रभूने स्वतः शिष्यांना सांगितला आहे, त्यामुळे भलतीकडे जायची भीती कमी. अन्यायी कारभाऱ्याचा दाखला (लूक १६) सुरुवातीला घेऊ नका. तो अवघड आहे आणि नवखी मंडळी त्यावर वाद घालण्यातच महिना घालवतात.

टप्पा १: दाखल्याच्या आधीच्या ओळी वाचा

सर्वांत जास्त गाळली जाणारी पायरी हीच. दाखला बहुधा कोणाच्या तरी प्रश्नाला किंवा कुरकुरीला दिलेलं उत्तर असतो. प्रश्नच ठाऊक नसेल तर उत्तर भलत्याच ठिकाणी लागू होतं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लुटारूंनी अर्धमेला केलेल्या माणसाला एक शोमरोनी मदत करतो) लूक १० मध्ये तिसाव्या ओवीपासून सुरू होतो, पण वाचायला सुरुवात पंचविसाव्या ओवीपासून करा. तिथे एक शास्त्री स्वतःला नीतिमान ठरवण्यासाठी विचारतो, माझा शेजारी कोण? हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळ्या पुत्र हे तिन्ही दाखले लूक १५ मध्ये आहेत. ते सांगायचं कारण पहिल्या दोन ओव्यांत येतं: येशू जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे लोक, कुरकुर करत होते. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला मत्तय २० मध्ये आहे, पण त्याचं मूळ मागच्या अध्यायाच्या शेवटी. आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार, असं पेत्राने विचारलं होतं.

*तपासणी:* पुस्तक मिटून सांगा, हा दाखला कोणाला सांगितला आणि तो माणूस काय म्हणाला होता? सांगता आलं नाही तर पुन्हा वाचा, तोवर टप्पा २ उघडू नका.

टप्पा २: गोष्टीतली मापं समजून घ्या

पैसे, अंतर आणि वेळ यांवरून आपली नजर सहज पुढे जाते. मूळ ऐकणाऱ्यांना मात्र गोष्ट तिथेच टोचत होती.

निर्दय चाकराचा दाखला घ्या, मत्तय १८. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. पहिल्या चाकरावर दहा हजार तलांतांचं कर्ज होतं, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं. ते फिटणारच नव्हतं, आणि धन्याने ते माफ केलं. त्याचं दुसऱ्या चाकराकडे येणं होतं शंभर दीनार, आणि त्यासाठी त्याने त्याला तुरुंगात टाकलं. मंडळीत हे "चिल्लर" म्हणून सांगितलं जातं, आणि तिथे मला ठामपणे हरकत घ्यावीशी वाटते. शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त दिवसांची कमाई. ज्याचे तीन महिन्यांचे पैसे कोणी बुडवले आहेत, त्याला विचारा ते चिल्लर आहेत का. तुमचं दुखणं छोटं आहे असं प्रभू म्हणत नाही. ते खरं आणि मोठं आहे, तरीही त्याच्याहून कितीतरी मोठं काही तुम्हाला माफ झालं आहे, असं तो म्हणतो. दुखावलेल्या माणसाशी बोलताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

शोमरोन्याच्या दाखल्यातला रस्ता यरुशलेमाहून यरीहोला उतरतो. सुमारे सत्तावीस किलोमीटरचा डोंगराळ उतार, एक हजार मीटरपर्यंत खाली जाणारा, लुटारूंना लपायला सोयीचा. तिथे थांबणं म्हणजे स्वतःचाही जीव धोक्यात घालणं. मंदिरात सेवा करणारे याजक आणि लेवी जखमी माणसाला पाहून पुढे गेले त्यात भीतीही असणार, हे मान्य केलं की आपण त्यांच्या जवळ येतो.

*इशारा:* मापं समजून घेणं वेगळं आणि प्रत्येक वस्तूत गुपित शोधणं वेगळं. तेल म्हणजे काय, द्राक्षारस म्हणजे काय, दोन दीनार म्हणजे जुना आणि नवा करार का, असा खेळ सुरू झाला की संध्याकाळ छान जाते, पण जखमी माणूस रस्त्यावरच राहतो.

टप्पा ३: आपली जागा शोधा, आणि ती नावडती असू द्या

प्रत्येक दाखल्यात आपण आपोआप चांगल्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. शोमरोनी मी, चांगली जमीन मी, परत आलेला मुलगाही मीच. म्हणून वहीत दाखल्यातल्या सगळ्या पात्रांची नावं लिहा आणि ज्याच्या जागी बसायला सर्वांत जास्त नको वाटतं, त्याच्यासमोर खूण करा. पहिला आठवडा त्या जागेवरून दाखला वाचा.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पैसा उडवून परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो. तिथे दर रविवारी उपासनेला जाणाऱ्या घरांची जागा बहुतेक वेळा थोरल्या भावाची असते. तो शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि आत जायचं नाकारतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, हे आपण विसरतो. तो शेवटी आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही. मग वहीत लिहायचा प्रश्न असा: नाताळच्या जेवणाला आपल्या घरातलं कोणाला बोलावलं जात नाही? दारू पिणारा काका, पळून जाऊन लग्न केलेली बहीण, कर्ज बुडवलेला मेहुणा? नाव लिहा.

शोमरोन्याच्या बाबतीत तर हा टप्पा आणखी जड जातो. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा विटाळ होता. ऐकणाऱ्या शास्त्र्याला "शोमरोनी" हे नाव तोंडावाटे काढवलं नाही. ज्याने दया केली तो, एवढंच तो म्हणाला. तेव्हा स्वतःला विचारायचं, मी रस्त्यावर पडलो असताना कोणाचा हात नको वाटेल? आपल्या मंडळ्यांमध्ये कोण कोणत्या जातीतून आलं हे लोक अजून लक्षात ठेवतात आणि सोयरीक जुळवताना विचारतातही. मराठी, तेलुगू, मल्याळी मंडळी शेजारी राहूनही एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. दाखला इथेच बोट ठेवतो. तेवढाच भाग वगळून पुढे जाऊ नका.

*तपासणी:* वहीत लिहिलेलं वाचून जरा अस्वस्थ वाटलं का? अजिबात वाटलं नसेल तर बहुधा चुकीची जागा निवडली आहे. सोबत्याला विचारा, आपली जागा त्याला लवकर दिसते.

टप्पा ४: एकच कृती ठरवा, तिला नाव, वार आणि रक्कम द्या

"क्षमाशील होईन" ही कृती नव्हे. "गुरुवारी संध्याकाळी अमक्याला फोन करीन" ही कृती. जिथे पैसा लागतो तिथे आकडा आधीच लिहा. चार दाखल्यांसाठी हे कसं करायचं ते पाहू.

*पेरणारा.* विदर्भातल्या माणसाला हा दाखला डोळ्यांसमोर दिसतो. पाय आणि बैलगाड्यांनी घट्ट झालेली पांदण, धुऱ्याजवळचा मुरूम, काटेरी झुडपं आणि मध्ये भारी काळी जमीन, सगळं एकाच वावरात. तसंच एकाच माणसाच्या मनात चारही असतात. या महिन्यात कोणती पट्टी त्रास देते ते ठरवा. ऐकलेलं रविवारी दुपारपर्यंतच विसरतं? मग ती पांदण आहे. त्याच दिवशी जेवताना घरातल्या एकाला वचन सांगायचं, एवढंच काम. जोरात सुरू होऊन पहिल्या अडचणीत थांबतं? मुरूम. काम निम्म्याने लहान करा आणि दुप्पट दिवस चालवा. काट्यांचा अर्थ प्रभूने सांगून ठेवला आहे: संसाराची चिंता, द्रव्याचा मोह, इतर गोष्टींचा लोभ. त्यातला एकच काटा निवडून उपटा. उदाहरणार्थ, रात्री नऊनंतर हिशेबाची वही आणि फोन दोन्ही बंद. सोयाबीनमध्ये पहिल्या महिना-दीड महिन्यात निंदण-डवरणी चुकली तर पुढे कितीही खर्च करा, पीक दबलेलंच राहतं. काट्याचंही तसंच आहे, तो लवकर काढावा लागतो.

*चांगला शोमरोनी.* या दाखल्यात भावना एका शब्दात संपते, बाकी सगळी कामं आहेत. जखमा बांधणं, स्वतःच्या जनावरावर बसवणं, उतारशाळेत नेणं, रात्रभर काळजी घेणं, दोन दीनार देणं, आणि परत येताना आणखी लागलेले देईन असं सांगणं. शेवटची दोन कामं आपण सोडून देतो. आणखी एक बघा: दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला निघून गेला. एक रात्र, ठरलेली रक्कम आणि परत येण्याचा शब्द, इतकी त्याच्या मदतीची मर्यादा होती. सगळं आपल्यालाच करायचं आहे असं समजून घाबरणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

नागपुरात याला दोन जागा सहज सापडतात. एक, रस्ता. वर्धा रोडवर किंवा रिंग रोडवर अपघात दिसला तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबा. जखमीची मान-डोकं उगाच हलवू नका, गर्दी बाजूला ठेवा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. पोलिसांच्या भानगडीची भीती वाटते म्हणून लोक पुढे जातात. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. चांगल्या भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा. रस्त्यावर विचार करायला वेळ नसतो.

दुसरी जागा मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा परिसर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून, छिंदवाडा-बालाघाटकडूनही रुग्ण येतात आणि नातेवाईक बाहेर पथारी टाकतात. एका कुटुंबाला एक डबा न्या आणि जाताना सांगा, परवा येतो. आणि परवा जा. पहिली भेट पुष्कळ लोक देतात, दुसऱ्या भेटीला खरी किंमत आहे.

*निर्दय चाकर.* वहीत एका माणसाचं नाव आणि त्याने नेमकं काय घेतलं ते लिहा: पैसे, मान, हिश्शाची जमीन, वर्षं. गोलमाल लिहिलं तर क्षमाही गोलमाल होते. मग ठरवा, या आठवड्यात मी त्याच्याकडून कोणती वसुली थांबवतो? प्रत्येक लग्नात त्याची गोष्ट सांगणं ही वसुलीच आहे. त्याच्या मुलांशी न बोलणं हीसुद्धा. एक वसुली थांबवा. सात वेळा क्षमा करायची का, असं पेत्राने विचारलं होतं. मिळालेलं उत्तर, साताच्या सत्तर वेळा, बघता हे काम एका आठवड्यात उरकणारं नाही.

*मोठा इशारा:* मारहाण सहन करणाऱ्या बाईला किंवा छळलेल्या लेकराला हा दाखला दाखवून "क्षमा कर आणि परत जा" असं कधीही सांगू नका. क्षमा म्हणजे पुन्हा माराखाली जाणं नव्हे. त्याच दाखल्यात अन्याय पाहिलेले सोबती चाकर दुःखी होऊन धन्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, आणि धन्याने हिशेब घेतला. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ही जबाबदारी पाळकांइतकीच आपलीही आहे.

*द्राक्षमळ्यातले मजूर.* सकाळी कामाची वाट बघत मजुरांच्या ठिय्यावर उभी राहिलेली माणसं पाहिली असतील तर हा दाखला समजावून सांगायची गरज नाही. पाचच्या सुमारास घेतलेल्या मजुरांना मालक विचारतो, तुम्ही रिकामे का उभे आहात? आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही, ते म्हणतात. ते आळशी नव्हते. मालकाने त्यांनाही दिवसभर राबलेल्यांइतकाच एक दीनार दिला. आणि एक दीनार म्हणजे घराचा एका दिवसाचा खर्च; त्याहून कमी मिळालं तर पोरं उपाशी. इथली कृती पैशाचीच असावी. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापता का? या महिन्यापासून बंद करा. प्लंबरची, रंगाऱ्याची मजुरी "उद्या ये" म्हणून लांबवता का? सूर्य मावळण्याआधी मजुरी द्यावी, असं अनुवाद २४ मध्ये लिहिलं आहे. ती त्याच संध्याकाळी द्या, रक्कम ठरवताना पाच मिनिटं घासाघीस कमी करा.

टप्पा ५: गाजावाजा न करता करा

डबा देतानाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही मत्तय ६ मधली ओवी सगळ्यांना माहीत आहे, तरी फोटो येतातच. मदत घेणाऱ्या माणसाची अब्रू त्या फोटोत जाते. सोबत्याला सांगणं चालेल, कारण ते हिशेब देणं आहे. साक्ष द्यायचीच असेल तर देवाने आपल्यात काय बदललं ते सांगा, समोरच्याचं नाव-गाव नको.

आजारी किंवा अडलेल्या माणसाच्या मदतीला "आमच्या चर्चला या" अशी अट तर मुळीच जोडू नका. शोमरोन्याने जखमी माणसाकडून काही कबूल करून घेतलं नव्हतं.

टप्पा ६: शनिवारची तपासणी

शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं पुरतात. सोबत्याने तीनच प्रश्न विचारायचे: ठरलेलं झालं का? करताना काय जड गेलं? पुढच्या आठवड्यात तेच पुढे न्यायचं की लहान करायचं? सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. शेवटी एक छोटी प्रार्थना, ज्याचं नाव वहीत आहे त्याच्यासाठी.

झालं नसेल तर लूक १३ मधला अंजिराचा दाखला काढा. तीन वर्षं फळ नाही, मालक झाड तोडायला निघतो. माळी म्हणतो, हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. माळी मुदत मागतो आणि सोबत कामही पत्करतो. आपणही दोन्ही करायचं. खणणं म्हणजे कारण शोधणं: वेळ चुकली, माणूस चुकला, की काम फार मोठं ठरवलं? खत म्हणजे जे कमी पडलं ते पुरवणं: सोबतीला कोणाला नेणं, आधी रक्कम बाजूला काढणं, पाळकांशी बोलणं. हे न करता नुसतं "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हटलं तर ती मुदत फुकट जाते.

*इशारा:* सलग दोन शनिवार तपासणी चुकली तर नवीन दाखल्याकडे वळून सुटका करून घेऊ नका. त्याच दाखल्यावर, त्याच वहीच्या पानावर परत या.

टप्पा ७: घरातल्या मुलांना सामील करा

मुलांना दाखला सांगून झाल्यावर "मग यातून काय शिकलात?" हा प्रश्न विचारू नका, ती आपल्याला हवं ते उत्तर देतात. त्याऐवजी दाखला करून दाखवायला सांगा आणि प्रत्येकाला पात्र निवडू द्या. लुटारू व्हायला सगळे तयार असतात, याजक व्हायला कोणी नाही. तिथून गप्पा आपोआप सुरू होतात. डबा न्यायला निघालात तर एका मुलाला सोबत न्या, पिशवी त्याच्या हातात द्या.

पुढचा क्रम

पेरणाऱ्यानंतर शोमरोनी घ्या, मग द्राक्षमळा, कारण दोन्हींत हातापायांनी करायची कामं आहेत. क्षमेचा दाखला त्यानंतर. तोवर सोबत्याशी खरं बोलायची सवय झालेली असते. उधळ्या पुत्र ईस्टरआधीच्या उपवासकाळात घेतला तर पुनरुत्थानाच्या रविवारच्या (ईस्टरच्या) जेवणाला कोणाला बोलवायचं हे ठरवायला वेळ मिळतो. तलांतांचा दाखला (त्यात एक चाकर भीतीने धन्याचा पैसा पुरून ठेवतो) वर्षाच्या शेवटी ठेवा आणि एकच प्रश्न घ्या: भीतीपोटी मी काय पुरून ठेवलं आहे? मेंढरं आणि शेरडांचं वचन (मत्तय २५), ज्यात उघड्याला वस्त्र देणं म्हणजे प्रभूलाच देणं असं म्हटलं आहे, डिसेंबरात वाचा. थंडी पडलेली असते, ब्लँकेट कोणाला लागतं हे तेव्हा शोधावं लागत नाही, आणि नाताळच्या खर्चाची यादी अजून पक्की झालेली नसते. त्या यादीत पहिली ओळ त्या ब्लँकेटची लिहा, मग केकची.